नुसता चहा

आमच्या गल्लीत प्रभूचं नाव घेतलं की पाठोपाठ कांदा चिरल्याचा वास येतो. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. निदान सुरुवात तरी चेष्टेनं करायची नव्हती. पण खरं सांगायला बसले की ते आपोआप चेष्टेसारखंच दिसायला लागतं, त्याला मी काय करू?

ज्यांना आमची घरसभा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उचगावात आमची ख्रिस्ती घरं थोडीच. बहुतेक सगळी कोडोलीच्या बाजूनं कामासाठी आलेली. रविवारी आम्ही सगळे कोल्हापुरात उपासनेला जातो. शुक्रवारी संध्याकाळी मात्र गल्लीतल्याच एका घरी जमायचं, पाळीपाळीनं. आधी पेटीवर गायनं, मग शास्त्रातलं वाचन, त्यावर कुणाचे तरी चार शब्द, मग विनंत्या, मग प्रार्थना. मग चहा.

सगळा घोळ या शेवटच्या दोन शब्दांनी केला. मी शाळेत होते तेव्हा चहा म्हणजे चहाच होता, फार तर बशीत बिस्किटं. मग एका घरी पोहे झाले. त्या पोह्यांचं कौतुक त्या दिवशीच्या प्रार्थनेपेक्षा जास्त वेळ चाललं. झालं! पुढच्या घरी पोहे आणि शिरा. त्याच्या पुढच्या घरी भजी. मी कॉलेजात जायला लागेपर्यंत आमची सभा कटवड्यापर्यंत पोचली होती. एका घरी तर ढोकळा, भजी, गुलाबजाम आणि वर सरबत असा बेत होता. त्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आज वेळ झालाय, तर वचन थोडक्यात घेऊ." नाश्ता थोडक्यात घेतल्याचं मात्र मला एकदाही आठवत नाही.

आणि विनंत्या! प्रार्थनेआधी ज्याला जे मागायचं ते त्यानं सांगायचं, म्हणजे सगळ्यांना मिळून प्रार्थना करता येते. रीत सुंदर आहे. प्रत्यक्षात काय होतं? एकीचा गुडघा, दुसरीच्या बोअरचं पाणी, तिसरीच्या मुलाचं लग्न. चौथी आवाज खाली आणून म्हणते, "विनंती म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका, पण आमच्या जावेच्या जिभेसाठी प्रार्थना करा." आमच्याकडं बायकाही 'सांगतो', 'जातो' असंच म्हणतात. मग त्या जावेनं नेमकं काय काय म्हटलं, कुणाला म्हटलं, कधी म्हटलं, हे सगळं देवाला नीट समजावं म्हणून तपशिलात सांगितलं जातं. देवाला तोवर हे काहीच ठाऊक नसावं.

सभेच्या प्रमुख म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातल्या मावशी. नात्यातल्या नव्हेत, साऱ्या गल्लीच्याच मावशी. मनानं वाईट नाहीत. पण त्यांची प्रार्थना मी डोळे मिटून कितीही भक्तिभावानं ऐकायची म्हटली, तरी कानावर असं यायचं:

"प्रभू, आम्ही आमच्या सगळ्या चिंता तुझ्या चरणी टाकतो... गॅस बारीक कर गं, करपल्याचा वास येतोय... तुझ्या चरणी टाकतो, बापा, कारण तू आमची काळजी घेतोस..."

सैतान आमच्या गल्लीत फिरकतसुद्धा नसेल. त्याला इथं कामच नाही. त्याचं सगळं काम कांदे करतात.

दुसऱ्यांना हसणं सोपं आहे. माझी गोष्ट काही वेगळी नव्हती. तरुणांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन येतं. मी ते वाचायच्या आधीच खाली जोडलेले हात टाकून द्यायचे, मागं पडायला नको म्हणून. कॉलेजला जाताना बसमध्ये खिडकी मिळाली की मोबाइलवर शास्त्र उघडायचे. दोन ओळी होतात न होतात तोच वरून काहीतरी टपकायचं, मी त्यावर बोट ठेवायचे, आणि स्टँड येईपर्यंत मेंदीचे व्हिडिओ बघत बसायचे. मला मेंदी काढता येत नाही. काढायचीही नाही. तरी मी बघत होते.

मला देवाविषयी जे थोडंफार कळलं ते सभेत नाही कळलं आणि मोबाइलवर तर नाहीच. ते मी आईच्या पाठीकडं बघून शिकले.

आई चौथीपर्यंत शिकली. तिचं वाचन पक्कं झालं ते शास्त्रामुळं. मी लहान होते तेव्हा सकाळी पाणी भरून झालं की ती उंबऱ्यावर बसायची. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, आवाज नाही. चार-दोन ओळी वाचून ती पुस्तक मिटायची आणि तशीच बसून राहायची, रस्त्याकडं तोंड करून. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारायची नाही. वडील फौंड्रीत पाळीला जायचे, त्यांना चहाची घाई असायची, तरी तेही आत गप बसून राहायचे. मी वेणी घालायची म्हणून हातात फणी घेऊन तिच्या मागं उभी असायचे. समोर रस्त्यावरून दुधाच्या गाड्या, शाळेची पोरं, सगळं जायचं. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं असं नाही. पण ते तिच्या आत येत नव्हतं.

ते बसणं कधी बंद पडलं मला सांगता येत नाही. कुणी ठरवून बंद केलं नाही, कुणी भांडलं नाही. आमच्या घरी सभेची पाळी आली की आधीचे कितीतरी दिवस आईच्या डोक्यात एकच, या वेळी काय करायचं. मागच्या खेपेला काय केलतं, शेजारच्या वहिनींनी काय केलतं, मिरच्या कुठल्या, तेल किती लागंल. पाळी होऊन गेली की कोण काय म्हणालं याची काळजी. ती संपते तोवर पुढची पाळी. सकाळचा उंबरा त्यात बुडाला. आणि गंमत बघा, ज्या सभेसाठी एवढं केलं त्या सभेत आई बसायचीच नाही. आमच्यात ज्या घरी सभा त्या घरच्या बाईनं चटईवर बसणं म्हणजे आळशीपणा. ती आत तळत असते. बाहेर सगळे डोळे मिटून म्हणतात, "या घरच्या बहिणीला तुझ्या वचनानं तृप्त कर," आणि ती आतून झाऱ्यानं भजी निथळत म्हणते, "आमेन."

अशात एका रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. "पुढच्या शुक्रवारी तुमच्या घरी आहे ना? चार शब्द तू सांग. कॉलेजला जातेस."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळं कॉलेजात सगळंच शिकवतात असा सगळ्यांचा समज आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरांनी साधं पानाचं नाव विचारलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे त्यांना कसं सांगणार? मी हो म्हणाले. वाचन येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्याचं होतं, त्यातही काट्यांत पडून गुदमरलेल्या बियांचं. घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. माझ्याकडं सांगण्यासारखं जे आहे ते आईचंच आहे, तेव्हा ते आईनं ऐकलं पाहिजे. बाकीच्यांनी नाही ऐकलं तरी चालेल.

त्याच दिवशी मी विषय काढला. "आई, ह्या पाळीला नुसता चहा करूया."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तापात बरळतेय. "नुसता चहा? कोण मेलंय आपल्यात?"

"तू बाहेर बसावंस म्हणून म्हणतोय."

"बसतो की. भजी झाली की बसतो."

"भजी होईपर्यंत सभा झालेली असती."

"मग तुझं ते भाषण मला आत्ता सांग. हितं काय कान न्हाईत व्हय मला?" आणि जरा थांबून, "मागल्या पाळीला त्यांनी तीन जिन्नस केलते. आपुन नुसत्या चहावर बोळवण केली तर लोकं तोंडात शेण घालतील."

वडील कॉटवर बसून पायाला तेल चोळत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "मला मधी घेऊ नका. मी बिस्किटावर बी आमेन म्हणतो."

मी धीर करून विचारलं, "आई, तू उंबऱ्यावर शेवटचं कधी बसलीस?"

निवडलेली मेथी तिनं उगाच पुन्हा निवडायला घेतली. मला वाटलं पटलं. कसलं पटतंय! शुक्रवारी मी कॉलेजातून आले तेव्हा परातभर कांदा चिरून तयार होता.

संध्याकाळी माणसं आली. "सलाम, सलाम" झालं, आमच्यात नमस्काराला सलामच म्हणतात. चटया भरल्या. मावशींनी भिंतीला टेकायची जागा धरली, पाळकसाहेब खुर्चीवर. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे, आत आई आणि कढई, मध्ये एक पडदा. गायनं झाली. वाचन झालं. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि मी उभी राहिले.

चार दिवस पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. आतून पहिला घाणा तेलात सोडल्याचा आवाज आला. मी पडद्याकडं बघत राहिले.

"सांग की गं," कुणीतरी म्हणालं.

"आई आली की सांगते," मी म्हणाले, आणि खाली बसले.

हे मी ठरवलं नव्हतं. मी अशी धीट मुलगी नाही. खरं तर पाठ केलेलं विसरले म्हणून बसले, असंही कुणी म्हणू शकेल. पण एकदा बसल्यावर मला उठता येईना. आमच्या सभेत पाळकसाहेबांना उशीर झाला तर थांबतात, पेटीवाल्यासाठी थांबतात, लाइट गेली तर थांबतात. घरच्या बाईसाठी कुणी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अगं, ती ऐकती आतनं," मावशी म्हणाल्या.

"न्हाय. आई आली की."

खोलीत चुळबुळ सुरू झाली. पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळायला लागले. शेवटी मावशींनीच आवाज दिला, "वहिनी, या बघू भाईर! पोरगी अडून बसलीया!"

"भजी तळतोय!"

"मग गॅस बंद करा! शाळेत घालून डोकं फिरलंय तुमच्या पोरीचं!"

गॅस बंद झाल्याचा खट् असा आवाज आला. पडदा सरला. आई आली ती हाताला बेसन घेऊनच. माझ्याकडं न बघता दाराजवळ टेकली, हात पुढं धरून, साडीला लागू नये म्हणून.

मग मी उभी राहून बोलले. फार नाही. बी चांगलं होतं, म्हणाले. जमीनही चांगली होती, म्हणून तर काटेही तिथं जोमानं आले. काटे म्हणजे कुणी वाईट माणसं नव्हेत. शुक्रवारी काय करायचं ही काळजी म्हणजे काटा. बसमध्ये मी मेंदी बघत बसते तो काटा. बी मरत नाही, पण त्याला वर यायला जागा राहत नाही. आमची आई पूर्वी सकाळी उंबऱ्यावर बसायची. आता बसत नाही. मला तेवढंच सांगायचं होतं.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि मी सांगितलेल्यावर आणखी बरंच सांगितलं, बहुधा ते झाकायला. नंतर विनंत्या झाल्या, जाऊबाईंच्या जिभेपर्यंत पुन्हा एकदा पोचल्या. आमेन होईपर्यंत उशीर झाला होता, कढई गार पडली होती, कुणाचा नवरा पाळीवरून येणार होता, कुणाच्या पोराची शिकवणी सुटणार होती. आईनं सगळ्यांना चहा दिला. नुसता. बेसनाचं पातेलं तसंच झाकून राहिलं. मंडळींनी कप खाली ठेवले आणि पडद्याकडं एकदा बघून घेतलं, आणखी काही येतंय का म्हणून.

सगळे गेल्यावर आई कप विसळत म्हणाली, "घालवलीस की गं अब्रू." नंतरचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी काहीतरी उपटायला गेले आणि रोपच उपटून बसले की काय, असं मला वाटत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी सभा मावशींच्या घरी. आई येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. आम्ही शेजारी बसलो. विनंत्या झाल्या. मावशींची सून आत तळत होती. मावशींनी प्रार्थना सुरू केली, आणि मधेच त्यांचा सूर ओला झाला.

"आणि प्रभू, आपल्या एका बहिणीच्या घरी सध्या फार अडचण हाय. मी नाव घेत न्हाय, तुला ठावं हाय. मागल्या शुक्रवारी त्या घरात काय झालं, ते तू बघितलंस. पोरीनं तर भर सभेत बोलायचा बहाणा करून आईला चुलीपासनं उठवलं, एका घाण्यात सरलेलं तेल-पीठ झाकायला. बापा, त्या लेकराची लाज राख. त्यांच्या कढईला पुन्हा भरभराट दे."

"दे प्रभू," सगळे म्हणाले. कुणी हुंकार दिला, कुणी उसासा टाकला. पाळकसाहेबसुद्धा म्हणाले. बेसनाचं पातेलं भरलेलं होतं हो, मला ओरडून सांगावंसं वाटलं. काट्यांचा दाखला ऐकून यांना एवढंच उमगलं, की आमच्याकडं तेल संपलंय!

मी डोळे उघडले आणि आईकडं बघितलं. तिची मान खाली, पदर तोंडावर, खांदे हलत होते. हे मी केलं, मला वाटलं. मी तिच्या दंडाला हात लावला. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं. पदराचा बोळा दातांत धरला होता तरी आवरत नव्हतं.

मावशी थांबल्या तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा "आमेन" म्हटलं ते आईनं.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्या दारात. हातात बेसनाचं पाकीट आणि तेलाची पिशवी. "सलाम वहिनी. लाजू नका. प्रभूनं मनात घातलं."

आई म्हणाली, "प्रभूला म्हणावं, बेसन हाय आमच्याकडं. बसायला सवड न्हवती तेवढी."

मावशींना ते कळलं नाही. "असू दे, असू दे, अडचणीत माणूस असंच बोलतंय," असं म्हणून त्यांनी पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली. आईनं परत केली नाही. "द्यायला आलेलं कशाला परत करायचं?" त्या बेसनाचं आम्ही मनसोक्त पिठलं खाल्लं. वडील म्हणाले, प्रार्थनेला एवढं चवदार उत्तर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

सभा सुधारली असं मला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सुधारली नाही. त्याच महिन्यात एका घरी पावभाजी झाली आणि वचन आणखी आखडलं. मावशींची सून अजून आतच असते. मी तिच्याकडं बघते, ती झारा हलवत हसते. मी काट्यांचं बोलले ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण 'त्या गरिबांच्या घरी' म्हणून.

आमची पाळी पुन्हा आली तेव्हा मी काहीच बोलले नाही. खरंच धीर नव्हता. आईनं माणसं यायच्या आधी चहा करून थर्मासमध्ये भरला, आत लाइट बंद केली, चष्मा लावला आणि सरळ येऊन पुढच्या चटईवर बसली, मावशींच्या शेजारी. मावशींनी आत डोकावून पाहिलं. अंधार. त्या आईकडं वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, पण त्यांचं हळूही साऱ्या खोलीला ऐकू जातं:

"वहिनी, अडचण हाय व्हय अजून?"

"व्हय," आई म्हणाली. "लई हाय. जाता जात न्हाय. करा प्रार्थना."

आणि तिनं पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवलं.

अलीकडं काही सकाळी ती उंबऱ्यावर बसते. रोज नाही. कधी गॅसचा नंबर लावायचा असतो, कधी शेजारणीचं काहीतरी असतं, आणि काटे काय, उपटले तिथंच परत येतात. मीही बसमध्ये मोबाइल पिशवीत तळाशी ठेवते. वाटेतला रेल्वेचा पूल जाईपर्यंत तो तिथंच राहतो. त्याच्या पुढची हमी मी देत नाही.

पण परवा सकाळी ती बसली होती. मी मागं उभी होते. या वयात फणी घेऊन उभं राहायचं काही कारण नव्हतं, तरी उभी होते. वडिलांनी आतून विचारलं, "चहा झाला का?" मी तोंडावर बोट ठेवलं. ते गप्प बसले. रस्त्यावरून मावशी चालल्या होत्या. त्या थांबल्या, आईकडं बघितलं, हळहळल्यासारखी मान हलवली आणि पुढं गेल्या. आईनं मान वर केली नाही.

त्या दिवशी चहाला उशीर झाला. नुसताच होता.